खरात सरांचा दुसरा लेख

खरात सर गेले हे मला सांगायला कॉलेजातनं कुणी आलं नाही. मी तेव्हा तासगावला होतो, एका शाळेची फाटकी पुस्तकं शिवायला. वऱ्हांड्यात बसून दाभणानं भोकं पाडत होतो, तर तिथले गुरुजी पेपर वाचता वाचता म्हणाले, "मामा, तुमच्या सांगलीच्या कॉलेजात कुणी खरात म्हणून ग्रंथपाल होते काय?" मी म्हणालो, "होते न्हवं, हायेत." गुरुजींनी पेपरच माझ्या पुढ्यात धरला. चार ओळी होत्या. छातीत कळ आली, वय सेहेचाळीस, मूळ गाव माण तालुक्यात, आणि शेवटी एक वाक्य, 'त्यांचे अनेक शोधनिबंध प्रसिद्ध झाले होते.' अनेक... मोजायला गेलं तर दहासुद्धा भरत नाहीत. ज्या माणसानं उभा जन्म मोजण्यात घातला, त्याच्याबद्दल 'अनेक' लिहून मोकळं व्हायचं. माझं डोकं तिथंच फिरलं. अर्धवट शिवलेलं पुस्तक गुरुजींच्या हातात दिलं आणि मिळेल त्या एसटीनं माणकडं निघालो.

पोचलो तोवर सगळं उरकलं होतं. सरांचे वडील दाराशी घोंगडीवर बसले होते. आयुष्यभर मेंढरं राखलेला माणूस. मला ते ओळखत नव्हते. मी म्हणालो, मी सरांच्या कॉलेजातला बाइंडर, दादू. त्यांनी मला जवळ बसवलं आणि विचारलं, "पोरगं तितं करत काय हुतं? आमाला कुनाला कदी नीट उमगलंच न्हाई." मी सांगितलं, "मोजत हुतं." "काय मोजत हुतं?" म्हटलं, "शिकलेली मानसं लिवताना कोन कुनाचं नाव घेतं, कोन कुनाचं न्हाई, ते मोजत हुतं." म्हातारा म्हणाला, "मग लय मोठं काम की." सरांच्या कामाबद्दल एवढा नीट शेरा मी कुणा डॉक्टरेटवाल्याच्या तोंडनं ऐकला नाही.

माझं शिक्षण चौथीपर्यंत. ते लपवायचं कारण नाही. साताऱ्यात छापखान्यात झाडू मारता मारता बांधणी शिकलो, आणि पुढं सांगलीच्या या कॉलेजात वर्षभराची मासिकं गोळा करून त्यांचे खंड बांधायचं काम तीस वर्षं केलं. दोन वर्षांपूर्वी निवृत्त झालो. मी बांधलेला एक खंड खिळखिळा झालेला दाखवा, मी फुकट बांधून देतो. इंग्रजी मला वाचता येत नाही, पण अक्षरं ओळखतो. कुठलं मासिक, कितवा अंक, पान सरळ आहे का उलटं, एवढं नजरेनं कळतं. बाइंडराला एवढं पुरतं असं मी समजत होतो. पुरत नाही, हे मला खरात सरांमुळं कळलं.

ते एकाहत्तर साली आले. आधीचे ग्रंथपाल खोलीतनं बाहेर पडत नसत. हे आले ते थेट माझ्या बाकड्यावर येऊन बसले. माणचे म्हटल्यावर बोलणं जुळायला वेळ लागला नाही. सभेत शुद्ध बोलायचे, माझ्याजवळ आले की आपलं गावचं. एकदा मी विचारलं, हे तुम्ही रोज मासिकांतल्या लेखांच्या खालच्या ओळी बघत बसता, वरचं वाचत नाही, हे काय वाचणं म्हणायचं. तर म्हणाले, "मामा, समजा ऊस लालसर का पडतो ह्यावर एकानं लिवलं. त्यात दुसऱ्या कुनाचं आधी शोधलेलं वापरलं, तर खाली त्याचं नाव द्यावं लागतं. हा दाखला. आता असले सगळे दाखले मोजले, तर कळतं की हितं कुनाचं चालतं, कुनाचं पडून ऱ्हातं." मी म्हणालो, "म्हंजे लग्नपत्रिकेत खाली कुनाकुनाची नावं घातली ते बघायचं." ते हसले. "व्हय. आन् कुनाचं गाळलं, ते जास्त बघायचं."

त्यांच्या या कामाला पुण्या-दिल्लीकडं मोठं नाव आहे म्हणे. मशीनवर करतात. आमच्याकडं मशीन म्हणजे मी. सरांनी सांगितलं तशी मी जाड कागदाची हजारावर कार्डं कापली आणि प्रत्येकाच्या चारी कडांना ओळीनं भोकं पाडली. एका दाखल्याला एक कार्ड. एकेका भोकाचा अर्थ ठरलेला. दाखला परदेशी माणसाचा असला तर ते भोक कात्रीनं कडेपर्यंत फोडायचं. इथल्या माणसाचा असला तर शेजारचं. मग गठ्ठा सरळ धरून एका भोकातनं सायकलच्या चाकाची तार आरपार घालायची आणि उचलायची. ज्यांचं भोक फोडलंय ती कार्डं खाली गळतात, बाकीची तारेवर राहतात. गळलेली मोजायची. मला इंग्रजी येत नसलं तरी हे करता येत होतं, आणि माझी मोजणी सरांच्या मोजणीशी कधी चुकली नाही. मी विचारलं हे कुठल्या पुस्तकात शिकलात. म्हणाले पुस्तकात आहेच, पण पुस्तकात वाचलं तेव्हा वाटलं, हे तर आमचा आजा करत होता. त्यांच्याकडं मेंढराच्या कानाला कातर मारतात, कळपात कळप मिसळला तर कोणाचं कुठलं ते कानावरनं कळावं म्हणून.

अशी दोन वर्षं मोजणी चालली. आपल्या भागात ऊस, द्राक्षं, पाटपाणी यावर लिहिणारं एक शेतीशास्त्राचं मासिक होतं. सर येण्याच्या आदल्या वर्षीच ते बंद पडलेलं, पण त्याचे पाच वर्षांचे खंड आमच्या कपाटात होते, मीच बांधलेले. ते पाची खंड सरांनी पानन् पान तपासले. निकाल असा निघाला की इथले शास्त्रज्ञ दाखला देतात तो परदेशी माणसाचाच. शेजारच्या तालुक्यात काय शोधलं गेलं याचा पत्ता नाही. सरांना वाईट वाटलं. दोन दिवस म्हणत होते, "आपलीच मानसं आपलं वाचत न्हाईत, मामा." त्यावर त्यांनी लेख लिहिला, तो दिल्लीकडच्या मासिकात आला, आणि गाजला. पत्रं आली, भाषणाची बोलावणी आली. प्राचार्यांनी शाल घातली. वर्षभरात सर सांगायला लागले की अमक्यानं आपल्या लेखाचा दाखला दिला, तमक्यानं दिला. दुसऱ्यांचे दाखले मोजणाऱ्या माणसाचा आता दाखला द्यायला लागले होते. मला काय कमी अभिमान वाटला? कार्डं माझी होती.

मग एक गोष्ट झाली. कुठल्याशा कमिटीनं याच लेखाचा आधार घेतला, आणि इथल्या पत्रिका, इथले अहवाल कोणी वाचतच नाही तर ग्रंथालयांनी ते घ्यायचे कशाला, असं ठरवून टाकलं. दोन-तीन कॉलेजांनी ते घ्यायचं बंदही केलं. सर अस्वस्थ झाले, पण लेख खरा होता, तर करणार काय.

त्या उन्हाळ्यात एका द्राक्षबागवाल्यानं जुन्या मासिकांचं पोतं आम्हाला भेट दिलं. न बांधलेले सुटे अंक. ते मी लावत बसलो होतो. त्यात त्या बंद पडलेल्या मासिकाचे सात अंक निघाले. एक उघडला, आणि शेवटी पातळ पिवळट कागदाची पानं दिसली, बारीक टायपातली. प्रत्येक ओळीला एक नाव, पुढं मजकूर, पुढं साल, आकडा. ती पानं मी ओळखली. माझ्या हातांनी ओळखली म्हणा... पाच वर्षं प्रत्येक अंकातनं ती मीच फाडून काढली होती.

बांधणीची एक रीत आहे. खंड बांधताना अंकाची कव्हरं आणि जाहिरातींची पानं काढून टाकायची, नाहीतर खंड फुगतो, कपाटात मावत नाही. जुन्या ग्रंथपालांची ताकीदच होती, "जाडा होऊ देऊ नका." ही पिवळी पानं पुढून-मागून जाहिरातींच्या मध्ये यायची. नाव, पुस्तक, साल, आकडा... मी समजलो विकायच्या पुस्तकांची यादी आहे, आकडा म्हणजे किंमत. काढून टाकली.

तीन दिवस मी सरांना बोललो नाही. खोटं कशाला सांगू, बोलायचंच नाही असंच ठरवलं होतं. लेख छापून झालाय, शाल घालून झालीय, आता कुणाला कळतंय. पण सर रोज येऊन माझ्याच बाकड्यावर बसायचे. चौथ्या दिवशी मी तो अंक उघडून त्यांच्यापुढं ठेवला आणि म्हणालो, "सर, हे काय हाय?" त्यांनी बघितलं. उभ्याउभ्या बघत राहिले. त्या मासिकाची पद्धतच तशी होती. परदेशी पुस्तकांचे दाखले लेखाखाली, आणि इथल्या पत्रिका, इथले अहवाल यांचे दाखले सगळ्या लेखांचे मिळून अंकाच्या शेवटी. मी म्हणालो, "ही पानं मी फाडलीत. सगळ्या अंकांतली." ते खाली बसले. मला वाटलं आता ओरडतील. तर म्हणाले, "मामा, ती पानं टाकली कुटं?"

टाकली नव्हती. कागद पातळ पण चिवट होता. त्याच्या पट्ट्या कापून मी दुसऱ्या खंडांच्या पाठीला आतनं चिकटवल्या होत्या, पाठ मजबूत व्हायला. चांगला कागद बाइंडर टाकत नाही. त्या वर्षांत बांधलेले खंड कुठले ते मला पाठ होतं. सर म्हणाले, "मग उसवूया." म्हटलं, माझे खंड? ते म्हणाले, "तुमचेच." स्वतःच्या हातानं बांधलेलं उसवणं काय असतं ते सांगून कळायचं नाही. दोन महिने मी पाठी सोडवल्या, ओल्या फडक्यानं खळ भिजवून पट्टी पट्टी सुटी केली. पट्ट्या जुळवून सर पान उभं करायचे. सगळी मिळाली नाहीत. मिळाली तेवढ्यांची आम्ही नवी कार्डं केली, तार घातली, उचलली. इथल्या माणसांची कार्डं गळायला लागली ती गळतच राहिली. सर हातातली तार तशीच धरून बघत होते. म्हणाले, "वाचत हुती, मामा. एकमेकाचं वाचत हुती सगळी." आपला लेख बुडाला याचं दुःख करायचं सोडून हा माणूस त्या आनंदात होता.

सगळ्यात जास्त नाव आलं ते फलटणकडच्या एका माणसाचं. शेतीखात्यातला साधा नोकर, उसाच्या रोगांवर चार-चार पानांच्या पत्रिका काढायचा. सर म्हणाले त्याला भेटलंच पाहिजे. आम्ही दोघं एसटीनं गेलो. तो उसाच्या फडातनं पायाला चिखल लावून बाहेर आला. सर म्हणाले, "साहेब, आमच्या यादीत तुमचं नाव सगळ्यात वर आलंय." त्याचा चेहराच उतरला. "आवं, बदल्यांची यादी आली व्हय? पोरीचं लगीन काढलंय मी." त्याला समजावून सांगेपर्यंत दोन चहा झाले. समजल्यावर म्हणाला, "माजं लिवलेलं कोन वाचतंय, असं बायको रोज म्हनती. हे जरा लिवून देता का मला?" सरांनी तिथंच लिहून दिलं, सहीनिशी.

मग सरांनी दुसरा लेख लिहिला. पहिला चुकीचा आहे, का चुकीचा आहे, किती पानं सापडली, किती सापडली नाहीत, सगळं. मी म्हणालो, माझं नाव घाला, बाइंडर दादूनं पानं फाडली असं स्पष्ट लिहा. ते तयार होईनात. आमचं खरं भांडण झालं ते एवढंच. मी म्हणालो, "चूक माझी हाय. ती तुमी का घेताय? मला काय लाज न्हाई का?" ते म्हणाले, "फाडली तुमी, पन मोजली मी. मोजनाऱ्यानं आदी बघायचं असतं कळप पुरा हाय का. मी बघितलं न्हाई." काही केल्या ऐकलं नाही. लेख छापून आला तेव्हा शेवटी माझं नाव होतं, पण आभारात. हरवलेली पानं शोधून दिल्याबद्दल. मी ते एका प्राध्यापकाकडनं दोनदा वाचून घेतलं. बरं वाटलं हे खरं, आणि रागही आला हेही खरं.

त्याच सुमारास साताऱ्याला मोठ्या कॉलेजात वरच्या पगाराची जागा निघाली. सर मुलाखतीला गेले, मीही बहिणीकडं जायचं म्हणून बरोबर गेलो. बाहेर आले ते हसतच आले. सांगितलं काय झालं. एकानं विचारलं, "तुमचे दोन निबंध समोर आहेत. पहिल्याचे दाखले भरपूर, दुसऱ्याचा एकही नाही. खरा कोणता?" सर म्हणाले, दुसरा. तो म्हणाला, "म्हणजे उद्या तिसरा लिहून दुसराही खोटा ठरवणार?" सर म्हणाले, "ठरला तर मीच सांगेन, तुम्हाला शोधायला लागणार नाही." जागा दुसऱ्याला गेली. स्टँडवर मी म्हणालो, जरा मऊ बोलला असता तर काय झालं असतं. म्हणाले, "मऊ बोललो असतो तर जागा मिळाली असती, मामा. आन् मग रोज त्या खुर्चीत बसाय लागलं असतं."

पुढची सहा वर्षं एक काम त्यांनी सोडलं नाही. नवी मासिकं आली की बघायचे, कुणी पहिल्या लेखाचा दाखला दिलाय का. देतच होते. दुसऱ्याचा कोणी देत नव्हतं. जो कोणी पहिल्याचा देई त्याला सर पोस्टकार्ड टाकायचे. 'आपण आधार घेतलेला माझा निबंध चुकीचा आहे, दुरुस्ती अमुक अंकात आहे, कृपया पाहावी.' इंग्रजीत, सुवाच्य अक्षरात. मद्रासला, कलकत्त्याला, एकदा परदेशातसुद्धा. उत्तरं फारशी आली नाहीत. एकानं लिहिलं की आपला नम्रपणा भावला. सर ते कार्ड वाचून दाखवताना म्हणाले, "ह्याला वाटतंय मी लाजतोय."

तेराव्यानंतर कॉलेजात शोकसभा झाली. आता ग्रंथालयाचं बघणारे प्राध्यापक टाईप केलेला कागद घेऊन उठले. सरांच्या निबंधांची यादी वाचली. मग म्हणाले, कै. खरातांचा सर्वांत प्रभावी निबंध तो इथले शास्त्रज्ञ एकमेकांना वाचत नाहीत हे सिद्ध करणारा, देश-परदेशात त्याचे दाखले दिले गेले, हेच त्यांचं खरं स्मारक. दुसऱ्या लेखाचं नावसुद्धा यादीत नव्हतं. का, तर 'दुरुस्ती' म्हणून छापलेला, तो निबंधात मोजत नाहीत म्हणे. मी मागच्या बाकावरनं उठलो आणि म्हणालो, "हे चुकीचं हाय." लोक वळून बघायला लागले. मी म्हणालो, "तो लेख चुकला हुता. चूक माझी हुती, पानं मी फाडली हुती. सरांनी तो खोडून दुसरा लिवला. त्यांचं काम दुसरं हाय, पयलं न्हवं." प्राध्यापक नंतर मला बाजूला घेऊन म्हणाले, "मामा, भावना समजतात. पण गेलेल्या माणसाच्या चुका कशाला काढायच्या? अशा वेळी चांगलंच बोलावं." मी म्हणालो, "मी चांगलंच बोललो. वाईट तुमी बोललात." ते म्हणाले, "असं असेल तर लिहा कुठंतरी." म्हणून लिहितोय. शुद्धलेखन पेपरवाल्यांनी सुधारलं तर माझी हरकत नाही, मजकुराला हात लावू नये.

दाखले कुणाला जास्त मिळाले त्यावर माणूस मोठा ठरवायचा असेल तर ठरवा. मी स्वतः ते दाखले मोजलेत, मला त्यांची किंमत माहीत आहे. भोक फोडलं की कार्ड गळतं, कार्डाला काय कळतं खरं काय आणि खोटं काय. फलटणच्या त्या माणसाच्या घरी सरांचा कागद चौकटीत लावलाय, मी बघून आलो. तो कुठल्या यादीत मोजणार?

शोकसभेच्या दुसऱ्या दिवशी मी सुई-दोरा घेऊन ग्रंथालयात गेलो. ज्या खंडात सरांचा पहिला लेख आहे तो कपाटातनं काढला, खिडकीजवळच्या टेबलावर मांडला आणि उसवायला लागलो. शिपाई धावत आला. "आवं मामा, परवानगी हाय का?" मी म्हणालो, "पानं फाडताना कुनाची मागितली नव्हती, घालताना कशाला मागू?" तो तिथंच उभा राहिला, पण आडवा आला नाही. थोड्या वेळानं त्यानं स्वतःहून खंडाचं एक टोक दाबून धरलं. छापणाऱ्यांनी सरांना दुसऱ्या लेखाच्या थोड्या सुट्या प्रती पाठवल्या होत्या. त्यातली एक, माझं नाव असलेली, सरांनी मला दिली होती. माझ्याकडं तेवढी एकच होती. ती मी पहिल्या लेखाच्या अगदी पुढं लावली आणि सगळा खंड पुन्हा शिवला, चिकटवून नव्हे, टाक्यात घेऊन. आता सांगलीच्या या कॉलेजात ज्याला खरात सरांचा पहिला लेख वाचायचाय, त्याला आधी दुसरा उलटून जावं लागेल. कुणाला तो तिथं नको असेल तर अख्खा खंड उसवावा लागेल, आणि माझा टाका सहजी उसवत नाही.